पट्टी कोरडीच द्यायची

शुक्रवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी नळ्या भरल्या. अगदी तळापासून तोंडापर्यंत भरल्या, आणि दिवा लावल्याबरोबर करंट चौपट झाला. संगणकाच्या पडद्यावर दोन वर्षं अंथरूण धरून पडलेली रेष उठून उभी राहिली.

आता हे विसरायचं. असं काही झालेलं नाही. त्या शुक्रवारी त्या प्रयोगशाळेत प्रयोगच झाला नाही. प्रयोगवहीत त्या तारखेपुढे ‘समारंभामुळे काम बंद’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे आणि खाली दोन सह्या आहेत. ज्याच्याखाली दोन सह्या असतात ते खरं असतं. तेव्हा घड्याळात तीन अकरानंतर थेट तीन तेरा वाजले असं समजावं, आणि गोष्ट आधीच्या रविवारपासून ऐकावी.

सह्या करणाऱ्यांपैकी एक होती भोपळा. हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यातलं नाव चांगलं होतं, पण ते प्रयोगशाळेत कोणी वापरत नसे. ती संशोधन करायला आली त्या पहिल्या वर्षी तिच्या प्रत्येक प्रयोगाचं उत्तर शून्य आलं, आणि मामांनी वर्षाअखेरीस तिला प्रेमाने भोपळा म्हणायला सुरुवात केली. बाहेरचे पाहुणे आले की मामा तिचा मान राखून ‘भोपळा मॅडम’ म्हणत.

दुसरी सही मामांची. मामा तिचे कोणी लागत नव्हते. ते प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ होते आणि तेहेतीस वर्षांत तिथून गेलेल्या प्रत्येकाचे मामा होते. खुद्द मॅडम, म्हणजे भोपळ्याच्या मार्गदर्शक, विद्यार्थिनी असताना त्यांना मामा म्हणत आणि आता विभागप्रमुख झाल्यावरही म्हणत होत्या. शुक्रवारी मामा निवृत्त होणार होते.

मामांचं काम नळ्या वाढवण्याचं. टायटॅनियमची बोटभर लांब, कागदासारखी पातळ पट्टी घ्यायची, एका दाट चिकट द्रावणात बुडवायची, साठ व्होल्ट लावायचे आणि शांत बसायचं. काही तासांत पट्टीच्या अंगावर नळ्या उगवतात. एकेक नळी केसाच्या जाडीच्या जवळजवळ हजाराव्या हिश्श्याएवढी, वरून उघडी, खालून बंद. नखाएवढ्या जागेत अशा हजार कोटी नळ्या दाटीवाटीने उभ्या राहतात, आणि एकीचीही दुसरीविरुद्ध तक्रार नसते. मग पट्टी भट्टीत घालायची, साडेचारशे अंशांवर दोन तास. बाहेर येते ती तयार पट्टी.

ह्या नळ्यांवर उजेड पडला की त्या पाण्यातून वायू मोकळा करू शकतात. इंधन म्हणून जाळता येईल असा वायू. अडचण अशी की टायटॅनियमच्या ऑक्साइडला सूर्यप्रकाशातला अगदी थोडा भाग आवडतो, बाकीचा तो पानात टाकतो. म्हणून नळ्यांना आतून दुसऱ्या कशाचा तरी लेप द्यायचा आणि उरलेली पोकळी भरून टाकायची. भोपळा तांब्याचा लाल ऑक्साइड भरत होती. म्हणजे भरायचा प्रयत्न करत होती. दोन वर्षं दर वेळी तेच व्हायचं. सूक्ष्मदर्शकाखाली नळ्या बघितल्या की तोंडावर लाल टोपी आणि आत ठणठणाट. हजार कोटी नळ्या टोप्या घालून रिकाम्या उभ्या.

तिच्याआधीच्या चौघांनीही सात वर्षांत हेच पाहिलं होतं. चौघांनी विषय बदलले. एक जण सिमेंटकडे वळला आणि सुखी झाला. मॅडमनी ह्या महिन्याच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की मामा गेले की नळ्या बंद. वाढवणार कोण, आणि रिकाम्या नळ्या वाढवून करायचं काय.

भोपळ्याला विषयाचं एवढं वाटत नव्हतं. सिमेंट तर सिमेंट. पण मामांनी तेहेतीस वर्षांतली शेवटची नऊ ह्या नळ्यांना दिली होती, आणि त्यांनी वाढवलेल्या कोट्यानुकोटी नळ्यांपैकी एकही भरलेली त्यांनी पाहिलेली नव्हती. आयुष्यभर बाटल्या करणाऱ्या माणसाने भरलेली बाटली न बघता घरी जायचं हे तिला पटत नव्हतं. जायच्या आधी एक पट्टी, फक्त एक.

त्यांच्या शेवटच्या आठवड्याआधीच्या रविवारी मामींनी तिला जेवायला बोलावलं.

मामांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, आणि इतकं नीटनेटकं की चप्पल कुठे काढावी ह्याचा प्रश्न पडावा. मामींनी भिंतीवर एक यादी चिकटवली होती. निवृत्तीनंतर मामांनी करायच्या कामांची. बत्तीस कामं होती आणि पहिलं होतं स्वयंपाकघरातला नळ.

“अब्जावधी नळ्या केल्या म्हणतात,” मामी वाढता वाढता म्हणाल्या, “आणि आमचा एक नळ चार वर्षं गळतोय.”

मामा म्हणाले की तो नळ वरून उघडा आणि खालूनही उघडा आहे, ते त्यांचं क्षेत्र नव्हे.

मामींनी मग भोपळ्याला मामांच्या रविवारच्या सरावाबद्दल सांगितलं. गेले दोन महिने दर रविवारी मामा निवृत्त माणसासारखं बसून बघत होते. खिडकीपाशी खुर्ची, हातात वर्तमानपत्र. वीस मिनिटांच्या वर जमत नव्हतं. एकविसाव्या मिनिटाला ते उठून काहीतरी पुसायला लागत. मागच्या रविवारी त्यांनी घरातले सगळे चमचे स्पिरिटने पुसून कोरडे करून कागदात गुंडाळून वर तारीख घातली होती.

“आता चमचा हवा असला की पुडी सोडायची,” मामी म्हणाल्या. त्यात राग नव्हता. थोडी काळजी होती.

चमच्यांच्या पुड्या बटर पेपरच्या होत्या. हीच मामांची खासियत. भट्टीतून निघालेली पट्टी ते गार करत, निर्जल पेटीत ठेवून हाडासारखी कोरडी करत आणि औषधाची पूड बांधावी तशी बटर पेपरच्या घडीत बांधून वर तारीख घालून देत. एकदा सोडली तर ओली पट्टी त्यांच्या हातून कोणाला गेलेली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शास्त्रज्ञाच्या हातून ओली पट्टी निसटून फरशीवर पडली होती, आणि त्याने चारचौघांत खापर मामांवर फोडलं होतं. तेव्हापासून नियम: पट्टी कोरडीच द्यायची. मामांच्या पुडीवर प्रयोगशाळेत कोणी शंका घेत नसे. लोक पंचांगावर घेत, मामांच्या पुडीवर नाही.

जेवणं होत आली तेव्हा भोपळ्याच्या कोपराने पाण्याचा तांब्या आडवा झाला. ती धडपडून उठली, दांडीवरचं फडकं ओढलं आणि टेबल पुसायला लागली. फडकं उन्हात वाळून कडक झालेलं होतं. ती जसजशी पुसत होती तसतसं पाणी फडक्याच्या पुढे पुढे पळत होतं. शेवटी ते टेबलाच्या कडेवरून मामांच्या मांडीवर उतरलं.

“अगं, कोरडं फडकं नुसतं पाणी ढकलतं,” मामी म्हणाल्या. “आण इकडे.”

त्यांनी फडकं गळक्या नळाखाली ओलं केलं, घट्ट पिळलं आणि टेबलावरून एकदा फिरवलं. पाणी नाहीसं झालं. जणू फडक्याला आत्ताच तहान लागली होती.

भोपळा टेबलाकडे बघत राहिली. मग फडक्याकडे.

कोरडं आत घेत नाही. कोरड्याच्या आत हवा असते, आणि हवा जागा सोडत नाही. तिची द्रावणं दोन वर्षं नळ्यांच्या तोंडाशी येऊन थांबत होती. आतल्या हवेमुळे ती खाली उतरत नव्हती आणि दारातच बसकण मारून त्यांची टोपी होत होती. पट्टी आधीच ओली असती, पाण्याने नाही तर स्पिरिटने, कारण ते कुठल्याही फटीत शिरतं, तर हवा निघून गेली असती आणि मागोमाग द्रावण आत गेलं असतं. एवढं सोपं होतं. नऊ वर्षं, पाच विद्यार्थी, हजारो पुड्या, सगळ्या हाडासारख्या कोरड्या. नळ्या रिकाम्या राहिल्या त्या मामांच्या काळजीमुळे.

तिने मामांकडे पाहिलं. मामा ओली मांडी घेऊन छताकडे बघत होते. पंखा आवाज करतोय का, असं त्यांनी विचारलं. पंखा बंद होता.

घरी जाताना भोपळ्याने बसचे दोन थांबे चुकवले. निवृत्तीच्या आठवड्यात माणसाला काय काय सांगता येतं ह्याची ती मनातल्या मनात उजळणी करत होती. तब्येत सांभाळा सांगता येतं. येत जात राहा सांगता येतं. तुमचा जो एक नियम जन्मभर अभिमानाने पाळलात तोच सगळं बिघडवत होता, हे कुठल्याही निरोपाच्या कार्डावर छापलेलं नसतं.

पण एक आडवाट होती. पट्टी कोरडीच ठेवायची आणि हवा पंपाने ओढून काढायची. मग मामांच्या पुडीला हात लावायला नको, आणि दोष कोणाचाच नाही. पंप नव्हता म्हणून झालं नाही, पंप आला म्हणून झालं.

पंप मात्र नव्हता. म्हणजे होता. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या टेबलाखाली एक जाडजूड निर्वात पंप जुनं पडदावजा कापड पांघरून बसलेला होता आणि लोक त्यावर पाय ठेवून चहा पीत. पण अकरा वर्षांपूर्वी तो निर्लेखित, म्हणजे कागदोपत्री बाद, झाला होता. नादुरुस्त वस्तूंच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे तांबडी रेघ होती. रेघ मारली गेली, पंप उचलून न्यायचा राहिला, कारण उचलण्यासाठी हातगाडी लागे आणि हातगाडी त्याच पानावर, त्याच्या वरच्याच ओळीत निर्लेखित झाली होती. त्यामुळे कागदावर तो कोपरा मोकळा होता. इतका मोकळा की चार वर्षांपूर्वी कागदावर तिथे एक फ्रिजही आला होता. तो खरा कुठे होता हे कोणालाच माहीत नव्हतं, पण दरवर्षीच्या तपासणीत तो सुस्थितीत आढळत असे.

सोमवारी सकाळी भोपळ्याने कापड काढलं आणि मामांना म्हणाली की तिची भरण्याची पद्धत चुकतेय, तिला पंप लागेल.

मामांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी बराच वेळ पंपाकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे.

“तुला नक्की पंपच हवाय?”

“हो मामा.”

“दुसरं काही नको?”

“दुसरं काय असणार?”

“बरं,” मामा म्हणाले, आणि बाह्या सरसावून टेबलाखाली शिरले.

तीन दिवस मामांचे फक्त पाय दिसत होते. निरोपाआधी भेटायला येणारे लोक त्या पायांशी बोलून जात. पंपाला तेल हवं होतं. भांडारपाल, म्हणजे स्टोअर सांभाळणारे साहेब, नियमाला धरून होते. निर्लेखित यंत्राला तेल देता येत नाही, कारण नसलेली वस्तू तेल पिऊ शकत नाही. भोपळ्याने कोपऱ्यातल्या फ्रिजचा क्रमांक दिला. भांडारपालांनी फ्रिजच्या नावावर दोन लिटर तेल दिलं आणि जपून वापरा म्हणाले.

पंपाचा पट्टा तुटलेला होता. बुधवारी मामांनी घरच्या शिवणयंत्राचा पट्टा काढून आणला. मामी तेव्हापासून त्यांच्याशी मोजून बोलत होत्या, दिवसाला चार शब्द. दाबमापकाचा काटा अकरा वर्षांपूर्वीच्या आकड्यावर अडकलेला होता, तो मामांनी तसाच राहू दिला. चांगला आकडा आहे, असं ते म्हणाले.

मॅडम येऊन बघून गेल्या. त्यांनी टेबलाखालच्या पायांना विचारलं की मामा, शेवटच्या आठवड्यात हे काय. पायांनी सांगितलं की भोपळा मॅडमना पंप हवाय. मॅडमनी भोपळ्याकडे पाहिलं आणि समारंभ चारला आहे, कोणी घामट कपड्यांत येऊ नये एवढं बोलून त्या गेल्या.

शुक्रवार आला. इथून पुढचं झालेलं नाही, पण क्रमाने सांगतो.

मामा इस्त्रीच्या सदऱ्यात आले. वर प्रयोगशाळेचा डागाळलेला कोट चढवला. दुपारी एकला जेवून दोघं कामाला लागले. काचेच्या चौकोनी भांड्यात निळं द्रावण, वर झाकण, झाकणाला नळी, नळीचं दुसरं टोक टेबलाखाली. भोपळ्याने पुडीसाठी हात पुढे केला.

“आज मी बसवतो,” मामा म्हणाले. “शेवटचा दिवस आहे.”

तेहेतीस वर्षांत मामांनी पट्टी दुसऱ्याच्या प्रयोगात स्वतः बसवलेली नव्हती. ते पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी पट्टी चिमट्यात धरून भांड्यात सोडली. भोपळ्याला स्पिरिटचा वास आला. चष्मा पुसला, असं मामा वळून न बघता म्हणाले.

मग त्यांनी वाकून पंपाचा खटका दाबला. पंप घुमायला लागला. टेबल थरथरलं, टेबलावरचे पेले एकमेकांना लागून किणकिणले. भोपळ्याला इतकं बरं वाटलं की तिने पंपाच्या डोक्यावर हात ठेवला. त्या ऊबदार लोखंडात तिला आपला सगळा बेत सुखरूप वाटत होता. काटा चांगल्या आकड्यावर होता.

अर्ध्या तासाने तिने भरण सुरू केलं. करंट एकदम द्यायचा नाही. क्षणभर द्यायचा, तीन क्षण थांबायचं, म्हणजे द्रावणाला आत उतरायला सवड मिळते. लहान मुलाला भरवावं तसं. एक घास, मग तोंड रिकामं होऊ द्यायचं, मग दुसरा. चाळीस मिनिटं दोघं समोरासमोर स्टुलांवर बसून होते. एकविसाव्या मिनिटाला भोपळ्याने मामांकडे पाहिलं. मामा उठले नाहीत. त्यांचं लक्ष पट्टीकडे होतं. ती हळूहळू विटेसारखी लाल होत होती, आणि हा लाल वरवरचा नव्हता, खोलवरून येत होता.

तिने पट्टी धुतली, स्वच्छ भांड्यात लावली आणि कृत्रिम सूर्य चालू केला. कृत्रिम सूर्य म्हणजे एक मोठा दिवा, त्याच्यापुढे एक झडप. झडप बंद असताना पडद्यावर रेष आडवी होती. ह्या रेषेची तिला ओळख होती. दोन वर्षं तिचं तोंड बघत होती.

“तुम्ही उघडा,” ती म्हणाली.

मामांनी झडप उघडली. तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. रेष उठली, उठतच गेली आणि साध्या पट्टीच्या चौपट उंचीवर जाऊन थांबली. समोरच्या प्लॅटिनमच्या तारेवर बारीक बुडबुडे धरले, सुटले, पुन्हा धरले. मामांनी झडप बंद केली. रेष खाली. उघडली. रेष वर. त्यांनी असं अकरा वेळा केलं. खोलीत दिव्याचं बटण पहिल्यांदा हाताला लागलेल्या मुलासारखं, पण पूर्ण गंभीरपणे.

“भोपळा फुटला,” ते शेवटी म्हणाले.

“पंपाने केलं,” भोपळा घाईघाईने म्हणाली. “पंप नव्हता म्हणून अडलं होतं मामा. तेवढंच होतं.”

मामांनी खटका बंद केला, बेसिनपाशी जाऊन हात धुतले, आणि रुमाल काढायला पँटच्या खिशात हात घातला. रुमालाबरोबर काळा वाटोळा पट्टा बाहेर आला.

भोपळा त्या पट्ट्याकडे बघत राहिली. मग ती गुडघ्यांवर बसली आणि तिने टेबलाखाली पाहिलं. पंपाची मोटर एकीकडे होती, चाक दुसरीकडे, आणि दोघांच्या मध्ये काहीच नव्हतं. अर्धा तास ती मोटर एकटीच घुमत होती.

“हा आज घरी न्यायलाच हवा,” मामा पट्ट्याची नीट घडी घालत म्हणाले. “चार शब्दांत संसार होत नाही.”

“मग हवा कोणी काढली?”

“कालच निघाली. काल सकाळपासून पट्टी स्पिरिटात होती.” ते थोडं थांबले. “एक मी रविवारी रात्रीही ठेवून बघितली. चमच्यांच्या शेजारी.”

दिव्याचा पंखा तेवढा फिरत होता.

“मोटर कशाला चालवलीत मग?” भोपळ्याने विचारलं.

“तू एवढं फ्रिजला तेल मागून आणलंस,” मामा म्हणाले. “म्हटलं वाया कशाला जाऊ द्या.”

ती खाली जमिनीवरच बसून राहिली. मामांनी स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसले.

“रविवारी तुला कळलं होतं ना?”

“नाही,” भोपळा म्हणाली.

“मलाही नाही,” मामा म्हणाले. “वही आण.”

वहीत लिहायचं काय, हा खरा पेच होता. पंपाने झालं लिहावं तर ते खोटं, शिवाय पंप नव्हता. ओल्या पट्टीने झालं लिहावं तर चार वाजता समारंभ. मामांनीच सांगितलं तसं तिने लिहिलं: समारंभामुळे काम बंद. तिने सही केली, त्यांनी सही केली. सोमवारी नव्याने कर आणि लिही, मामा म्हणाले, सोमवारी मी नसेन. हे ते इतक्या सहजपणे म्हणाले की आपण काय म्हटलं ते त्यांना एका क्षणानंतर कळलं, आणि त्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला.

भोपळ्याने लाल पट्टी गार हवेत वाळवली, बटर पेपर घेतला, मामांच्याच पद्धतीने घडी घातली, वर तारीख घातली आणि पुडी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. कोरडी.

समारंभाला संचालक आले. ते नवे होते, मामांना दोनदाच भेटलेले, पण त्यांनी माहिती काढली होती. मामांचा एक विशेष त्यांना सांगायचा होता, आणि तो त्यांनी कागदावरून वाचून सांगितला: तेहेतीस वर्षांत ह्या माणसाच्या हातून एकही ओली पट्टी बाहेर गेली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जास्त वेळ भोपळा वाजवत होती. मामा खुर्चीत ताठ बसून छताच्या पंख्याकडे बघत होते, आणि मामींनी शेजारून विचारलं की काय झालं. त्या दिवसाचे चार शब्द केव्हाच संपले होते, म्हणून मामा त्यांच्याकडे वळून हसले.

सोमवारी भोपळ्याने एकटीने पट्टी वाढवली, भाजली आणि रात्रभर स्पिरिटात ठेवली. मंगळवारी भरली. चौपट. बुधवारी सूक्ष्मदर्शकाखाली नळ्या तोडून बघितल्या. तळापासून तोंडापर्यंत लाल, एकीलाही टोपी नाही. तिने वहीत लिहिलं: ‘पट्टी मामांच्या पद्धतीने ओली घेतली.’ मॅडमनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग म्हणाल्या की नळ्या चालू राहतील, वाढवण्याचं काम आता तिनेच करायचं.

मामांची खुर्ची मात्र रिकामी होती. भांड्यांवर लावायच्या चिठ्ठ्या त्यांच्या अक्षरातल्या होत्या आणि त्या संपत आल्या होत्या. फोनवर मामा सांगत की नळ दुरुस्त झालाय, यादीतली आता एकतीस उरली. आवाजावरून वाटे की ते एकविसाव्या मिनिटाला बोलतायत.

गुरुवारी भांडारपाल आले. मामांच्या निवृत्तीचा हिशेब पुरा करायला खोलीतल्या वस्तू मोजायच्या होत्या. त्यांनी कापड उचललं आणि त्यांना निर्लेखित पंप ताज्या तेलासह, पुसलेला, चकाकणारा आढळला. फ्रिज आढळला नाही, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी लेखी खुलासा मागवला: नसलेली वस्तू चालू स्थितीत कशी, आणि ती तातडीने हलवायला खोलीतल्या कोणाची हरकत आहे काय.

भोपळ्याने त्याच दुपारी उत्तर दिलं.

प्रति,
माननीय भांडारपाल

विषय: निर्लेखित वस्तूंबाबत खुलासा व विनंती.

महोदय,

सदर पंप चालू नाही. तो फक्त आवाज करतो. त्याने कोणतेही काम केल्याचे कार्यालयीन नोंदींत आढळणार नाही.

निर्लेखित झाल्यानंतर तो अकरा वर्षे त्याच कोपऱ्यात आहे, ही बाब आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते. ह्यावरून असे दिसून येते की, आपल्या नोंदवहीत एखाद्याच्या नावापुढे तांबडी रेघ आली की त्यास खोलीतून कोणीही हलवीत नाही, व गरजेच्या वेळी तो हाताशी असतो.

तरी नम्र विनंती की, पंपास आहे तेथेच राहू द्यावे, आणि गेल्या शुक्रवारी सेवानिवृत्त झालेले ह्या प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ, वय साठ, स्थिती उत्तम, कोरडे, ह्यांचे नाव त्याच पानावर, पंपाच्या खालच्या ओळीत, शुक्रवारच्या तारखेने निर्लेखित म्हणून घेण्यात यावे. तसेच त्यांना उचलून नेण्यासाठी लागणारी हातगाडी कृपया कधीही दुरुस्त करू नये.